आढीतले शब्द

आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी सकाळचा पहिला आवाज हातोडीचा असे. मागच्या पडवीत अण्णा, म्हणजे माझे वडील, लाकडी पेट्यांवर फळ्या ठोकत बसलेले असत. पहिला घाव हलका, खिळा उभा राहण्यापुरता. मग दोन जोरकस. या ठेक्यावर मी इंग्रजी शब्द पाठ केले. हलक्या घावाला शब्द म्हणायचा आणि पुढच्या दोन घावांत अर्थ उरकायचा. ऑब्ड्युरेट: हट्टी, कुणाचं न ऐकणारा. गॅर्‍युलस: बडबड्या. अर्थ लांबला तर पुढचा खिळा आलेलाच असे, त्यामुळे मला आपोआपच थोडक्यात सांगायची सवय लागली. पुढे लोकांनी माझ्या भाषांतरांची तारीफ केली ती या थोडकेपणासाठी. त्यांना मी अमुक संस्थेत शिकले असं सांगते. हातोडीबद्दल सांगत बसायला वेळ लागतो.

आमचं घर रत्नागिरीजवळ, पावसच्या अलीकडे, रस्ता सोडून आत कातळ चढून गेलं की. मागे कलमांची बाग, पुढे अंगण, अंगणात जांभ्या दगडाचा चौथरा. घरात अण्णा, आई, मी आणि आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिने प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं होतं. आंबे भरण्याचं काम तिच्या हाताखाली चाले. आंबा हातात घेऊन ती नुसती अंगठ्याने फिरवी आणि तो चार डझनीचा की पाच डझनीचा ते ठरवून त्या त्या पेटीत ठेवी. तोंड मात्र सतत चालू. त्या दिवसांत स्वयंपाकाला कुणाला सवड नसे. सकाळी मऊ भात आणि मेतकूट, दुपारी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, आणि दोन्ही वेळेला डागी आंबा. बागायतदाराच्या घरात चांगला आंबा खातात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या वाट्याला आंबे उतरवायच्या झेल्यातून निसटून आपटलेला, देठाशी काळा पडलेला, पाखरानं टोचलेलाच आंबा येई. डाग कापून टाकल्यावर तोही गोडच लागे, पण अख्खा, बिनडागी हापूस मी पहिल्यांदा खाल्ला तो घर सोडल्यावर, दुसऱ्याच्या घरी, पाहुणी म्हणून.

मी मराठी शाळेत शिकले आणि मग रत्नागिरीला एसटीने ये-जा करून कॉलेजला. इंग्रजी मला परीक्षेपुरतं येई. शेवटच्या वर्षाला आमच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितलं की दूर दक्षिणेत एक संस्था आहे, तिथे भाषांचंच शिक्षण देतात, राहायची सोय आहे, शिष्यवृत्तीही मिळते. फक्त प्रवेशपरीक्षा अवघड असते. “तुमचं व्याकरण ठीक आहे,” सर म्हणाले, “पण शब्द नाहीत. तिथे शब्दांवर मारतात.” त्यांनी मला लायब्ररीतलं एक जाडजूड शब्दांचं पुस्तक आपल्या कार्डावर काढून दिलं. एसटीत मी ते उघडलं आणि पहिल्या पानावरचा एकही शब्द मला येत नव्हता. मला रडू आलं नाही, रागच आला. इतके शब्द आपल्यापासून दडवून ठेवले होते आणि कुणी बोललं नाही, असं काहीतरी वाटलं.

परीक्षा मुंबईला होती आणि नेमकी मेच्या मध्यावर. हे मी घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.” अण्णांनी पुस्तक हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, मधलं एक पान उघडलं आणि मिटलं. “एवढे शब्द कशाला हवेत गो?” ते म्हणाले. “माणसाचं चार शब्दांत भागतं. आणि तुझ्याबरोबर मुंबईला जाणार कोण? बाग सोडून मी येऊ? पुढल्या वर्षी बघू.” पुढल्या वर्षीही परीक्षा मेमध्येच असणार आणि बागही तिथेच असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. तेव्हापर्यंत माझं लग्न ठरलेलं असेल हेही ठाऊक होतं. लांज्याच्या एका स्थळाची चौकशी आईने सुरू केलेलीच होती. मुलगा लोटे इथल्या एका कंपनीत होता, पगार नियमित होता, माणसं चांगली होती. त्या मुलाबद्दल मला आजही काही वाईट म्हणायचं नाही. मला फक्त ती परीक्षा द्यायची होती, आणि तेवढंच मला मिळणार नव्हतं.

तरी मी पाठ करणं सोडलं नाही. सुरुवातीला शाळेत कविता पाठ करत असू तसे पुस्तकाच्या क्रमाने शब्द घोकले. आठवड्याने लक्षात आलं की हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. क्रमाने विचारलं तर सगळे येत, मधलाच एक विचारला तर बोंब. मग मला आढीची आठवण झाली. आठवण कसली, रोज तीच बघत होते. पिकायला घातलेला आंबा आपण सगळा एकदम काढत नाही. पेंढ्यात थर लावतो, एक दिवसाआड परततो, हाताला मऊ लागला तो काढतो, कडक आहे तो पुन्हा खाली. प्रत्येक आंब्याचा दिवस वेगळा. मी जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका अंगाला इंग्रजी शब्द, दुसऱ्या अंगाला मराठी अर्थ. अण्णांकडून तीन मोडक्या पेट्या मागून घेतल्या. पहिली कच्च्या शब्दांची. दुसरी पाडाच्या शब्दांची, म्हणजे वाचला तर कळतो पण आपल्या तोंडून येत नाही असा शब्द. तिसरी पिक्यांची. आपण होऊन वाक्यात आला, तोही विचार न करता, तरच शब्द पिका. समुद्राकडून वारा आला की चिठ्ठ्या उडत, म्हणून पेट्यांत खरोखरच पेंढा घातला आणि चिठ्ठ्या त्यात खुपसल्या.

चौथा एक प्रकार होता, त्याला पेटी नव्हती. हापूसमध्ये साका होतो. बाहेरून आंबा सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, आंबट गर. बाहेरून कळायला काही मार्ग नाही, आणि बागायतदाराची अब्रू जाते ती त्यानेच. तसे काही शब्द निघाले. एनर्व्हेट पाहिला की वाटे, अंगात जोर आणणं. अर्थ निघाला जोर काढून घेणं. नॉइसम म्हणजे गोंगाटाचा असेल असं मी धरून चालले होते, तो निघाला घाणेरड्या वासाचा. अशा शब्दांच्या चिठ्ठीवर मी लाल पेनाने “साका” लिहून ठेवी. मला अजूनही अनोळखी शब्दापेक्षा ओळखीच्या शब्दाची भीती जास्त वाटते. हाताखाली भाषांतर शिकणाऱ्या मुलांना मी हेच सांगते, आणि त्यांना ते पटत नाही.

आत्याला या उद्योगाची फार गंमत वाटे. येता-जाता ती पाडाच्या पेटीत हात घालून एक चिठ्ठी काढी आणि मराठी बाजू वाचून मला इंग्रजी विचारी. “रडतोंड्या?” “लुगूब्रियस.” “आमच्या बापूकाकांसारखा गो.” आणि मग बापूकाका दिवसभर लुगूब्रियस. आईला हे आवडत नसे. ती म्हणे, “जाणाऱ्या पोरीला कशाला उगाच नादाला लावता, वन्सं.” मी कुठे जाणार हे तिने तिच्या मनात ठरवलेलं होतं.

एप्रिल संपता संपता एक दिवस सगळंच एकदम अंगावर आलं. पुण्याची मोठी मागणी होती. टेम्पोवाला दुपारचा यायचा तो सकाळीच येऊन अंगणात हॉर्न वाजवायला लागला, कारण त्याला वाटेत मिरजोळ्याला एमआयडीसीतून दुसरा माल घ्यायचा होता. मी कॉलेजला फॉर्म आणायला गेले होते. परीक्षेला पाठवणार नसले तरी फॉर्म भरायला कोण अडवतंय, असा माझा हिशेब. इकडे पेंढा संपला. आत्याने इकडे तिकडे पाहिलं, माझ्या पेट्या दिसल्या, आणि तिने मधल्या पेटीतला पेंढा मुठी मुठीने उचलून आंब्यांच्या वर दाबला. अण्णांनी फळ्या ठोकल्या, टेम्पो गेला. मी संध्याकाळी आले तेव्हा पाडाची पेटी रिकामी होती. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने कपाळावर हात मारला. अण्णांना सांगावं असं दोघींनाही वाटलं नाही. कागदच तर आहेत, आत्या म्हणाली, पेंढ्याबरोबर जातील उकिरड्यात.

तीन दिवसांनी दुपारी फोन आला. फोन माजघरात होता आणि पुण्याहून आलेल्या फोनवर अण्णा पुण्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. त्या दिवशी पलीकडचा माणूसही तसाच बोलत होता, त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजू ऐकू आल्या. पुण्याचे लिमये. बँकेतले मोठे साहेब, निवृत्त झालेले, स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी मिळून दरवर्षी भरपूर पेट्या घ्यायचे. आदल्या वर्षी त्यांच्या काही आंब्यांत साका निघाला होता आणि त्यावरून त्यांनी अण्णांना बरंच सुनावलं होतं. या वर्षी त्यांनी एक पेटी न फोडता तशीच नव्या व्याह्यांकडे भेट म्हणून नेली. व्याह्यांनी सर्वांदेखत ती उघडली. वरचा पेंढा काढला तर एक चिठ्ठी. एका बाजूला प्युट्रिड, दुसऱ्या बाजूला, सुरेख अक्षरात, “सडका, कुजलेला.” मागल्या वर्षीच्या बोलण्याचा सूड म्हणून आंबेवाल्याने चिठ्ठी घातली, असं लिमयांनी ओळखलं होतं. त्यांच्या जागी कुणीही तेच ओळखलं असतं.

“चिठ्ठी? कसली चिठ्ठी?” अण्णा म्हणत होते. आत्या देवघरात जाऊन बसली. शेवटी मीच पुढे झाले आणि फोन घेतला. घाबरले होते, पण जे झालं ते सरळ सांगितलं: मी परीक्षेसाठी शब्द पाठ करते, चिठ्ठ्या पेंढ्यात होत्या, पेंढा चुकून पेट्यांत गेला, तुम्हाला उद्देशून काही नाही. मग लिमये म्हणाले, “हे मला खरं वाटत नाही. आंबेवाल्याच्या मुलीला हे शब्द कशाला लागतात?” आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर लिमयांनी आमच्याकडचा आंबा कधी घेतला नाही.

अण्णा शेजारीच उभे होते, त्यामुळे ते वाक्य त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ ऐकू आलं होतं. मला वाटलं, आता माझं पुस्तक विहिरीत जाणार. ते पडवीत गेले, एक पेटी पालथी घालून तिच्यावर बसले आणि मला हाक मारली. “अशा किती गेल्या?”

“ती पेटी होती तेवढ्या सगळ्या.”

“काय काय लिहिलेलं होतं? उद्या दुसऱ्या कोणाचा फोन आला तर मला ठाऊक हवं. पुस्तक आण, बघून सांग.”

“पुस्तक नको,” मी म्हटलं.

मी उभ्या उभ्या सांगायला लागले. आधी मराठी अर्थ, मग इंग्रजी शब्द. अण्णांना अर्थाशीच मतलब होता. ते आंबा निवडतात तसे एकेक शब्द निवडत गेले. कोणता गिऱ्हाइकाला लागेल, कोणता लागणार नाही. हट्टी? “चालेल. पुण्यात कोणी मनावर घ्यायचं नाय.” बडबड्या? देवघरातून आत्या म्हणाली, “तो कशाला धाडलास, मी हय असताना.” थोडाच वेळ टिकणारं? यावर अण्णांनी जरा विचार केला. “शब्द चांगला आहे. पण पेटीत नको. आंबा टिकत नाय असं म्हणतील.” बेचव, इन्सिपिड. “मेलो!” हावरट, अ‍ॅव्हरिशस. त्यांनी डोळे मिटले. “हा सगळ्यांत वाईट. हावरट म्हणजे आम्हीच की गो.” असं बराच वेळ चाललं. आई ताक घेऊन आली आणि ग्लास हातात धरून ऐकतच राहिली. एकाही शब्दाला मी अडखळले नाही. मधे कुठेतरी माझ्या ध्यानात आलं की पाडाच्या पेटीतले सगळेच्या सगळे पिकले होते. मीच परतून पाहिलं नव्हतं. अण्णांच्या ध्यानात ते माझ्या आधी आलं असावं, कारण नंतर नंतर ते निवडायचं विसरून नुसतेच ऐकत होते.

संपल्यावर ते ताक प्यायले. “परीक्षा कोणत्या वारी?” त्यांनी विचारलं.

“रविवारी.”

“आत्या येईल तुझ्याबरोबर. एसटीनं जा, टेम्पोतून नको.”

आई म्हणाली, “अहो, पण लांज्याच्या लोकांना काय सांगायचं? आणि तुम्हीच म्हणाला होतात, एवढे शब्द कशाला—”

“मी म्हटलं ते वेगळं,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मी तिचा बाप आहे, मी म्हणेन. तो लिमये कोण लागून गेला?”

तेव्हा मला फार आनंद झाला, एवढंच आठवतं. आता त्या दुपारकडे पाहताना वाटतं की माझी बुद्धी, माझे कष्ट, सरांची शिफारस यांतल्या कशानेच जे झालं नसतं, ते एका रागावलेल्या परक्या माणसाच्या एका वाक्याने झालं. बहुतेकांची आयुष्यं अशीच आडवाटेने वळत असावीत. सांगताना मात्र आपण हमरस्ता सांगतो. लिमयांना मी कधी पाहिलं नाही. ते वाईट होते असं मला वाटत नाही. व्याह्यांसमोर फजिती झालेल्या माणसाकडून याहून चांगलं वागणं अपेक्षित नसतं.

परीक्षेला आत्या आली. हॉलच्या बाहेर कट्ट्यावर तिने पथारी पसरली, शेजारी बसलेल्या दोन मुलींच्या आयांना आंब्याची साटं, म्हणजे आंबापोळी, कापून दिली आणि मी बाहेर येईपर्यंत त्यांच्या घरची सगळी माहिती मिळवली. मला पेपर सोपा गेला नाही. शब्दांचा भाग चांगला गेला, बाकीचा कसाबसा झाला. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, “आपले आले होते का गो?” मी म्हटलं, थोडे आले होते. “कोणते?” मी दोन-तीन सांगितले, तर ते तिलाही येत होते.

निकाल आला तेव्हा बाग रिकामी झालेली होती. पेट्या, झेले, हातोडी सगळं माळ्यावर गेलं होतं आणि पडवीत आईने वाल वाळत घातले होते. सरांनी कॉलेजातून फोन करून सांगितलं: निवड झाली, शिष्यवृत्तीसकट. आत्या मोठ्याने रडली. आईने देवापुढे साखर ठेवली, आणि मग चुलीपुढे जाऊन, कुणी पाहत नाही असं समजून, तीही रडली. लांज्याच्या लोकांना नकार कळवायचा होता, मला सामान काय लागेल ते बघायचं होतं, सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. अण्णा मात्र माजघरात फोनपाशी गेले. गिऱ्हाइकांचे नंबर त्यांना तोंडपाठ असत. त्यांनी नंबर फिरवला आणि नेहमीच्या, पुण्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, “नमस्कार. पावसहून बोलतोय. नाय, नाय, आंब्याचं नाय, मोसम संपला. आमची मुलगी पास झाली. हो. ती चिठ्ठीवाली.” मग ते थोडा वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. या वेळी पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“‘बरं’ म्हणाला.”

“त्यांना कशाला केलात फोन, अण्णा? सगळ्यांत आधी त्यांनाच?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं साधं मला कळत नाही याचं त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं.

“मग कोणाला करू?” ते म्हणाले. “तू लिहिलेलं वाचलेला माझ्या ओळखीचा तो एकटाच माणूस.”